उसवलेली अक्षरं

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या म्हणाले सेक्रेटरी,
क्लबला पन्नास वर्षं झाली.
मी म्हटलं, मला लिहिता येतं ते फक्त पाठीवर,
नंबर आणि नाव,
तेही सुईनं.

तरी सांगते.

पहिलं नाव शारदा मिल.
पाळी सुटली की पोरं थेट यायची,
केसांत कापूस तसाच.
रिंग म्हणजे पिंपाचं कडं.
जाळी यल्लप्पा बोल्लीनं मिलच्या सुताची गाठून दिली,
इतकी घट्ट, की पहिला चेंडू आत गेला
तो खाली आलाच नाही.
काठीनं ढोसून काढला.

मैदान शहाबादी फरशीचं.
सांध्यावर पडला की चेंडू तिरका उडायचा.
आमच्यांना सांधे पाठ,
पाहुण्यांना नव्हते.
इरण्णा कलशेट्टी तर पाहुण्याला मुद्दाम
चौथ्या रांगेतल्या फुटक्या फरशीकडं हाकत न्यायचा,
म्हैस पाण्याकडं न्यावी तसा.
सात वर्षं घरच्या मैदानावर कुणाशी हरलो नाही.
हे लिहू नका म्हणतात सेक्रेटरी.

मग भोंगा थांबला.
सरावाची वेळ भोंग्यावर होती.
दोन-तीन आठवडे पोरं कधीही यायची,
कुणी चारला, कुणी सहाला,
एकेकटी चेंडू टाकून जायची.
त्याच महिन्यात दशरथ येमूल भिवंडीला गेला.
त्याचा तेरा नंबर धुऊन, घडी करून ठेवला.
अजून आहे.

पंधरा शर्टांवरून मी शारदा मिल उसवलं,
ब्लेडनं, एकेक टाका.
खालचं कापड गडद निघालं.
नाव गेलं, तरी वाचता येत होतं.

त्यावर वीणा टॉवेल बसवलं. नेमकं बसेना,
कडेनं मिल डोकवायची.
टॉवेलवाल्यांनी बूट दिले, सामन्यागणिक केळी दिली
आणि सिमेंटचं मैदान करून दिलं.
सपाट. चेंडू पडेल तसा वर यायचा.
त्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो.

तीन मोर बिडी आली
आणि पोरांनी सांगलीहून राज्याची ढाल आणली,
एका गुणानं,
मैनोद्दीननं घामानं डोळे मिटलेले असताना
टाकलेल्या चेंडूवर.
बिडीच्या बायका पानं कातरायच्या कात्र्या
हातात तशाच घेऊन स्टेशनवर आल्या होत्या.
ढालीवर मात्र कोरलंय वीणा टॉवेल.
फॉर्म जुन्या नावानं भरला होता.
बिडीवाल्यांनी पैसे थांबवले.

नंतर कोळेकर डेव्हलपर्स.
नाव इतकं लांब, की शेवटचा र्स
काखेत जायचा.
त्यांनी क्लबला नाव दिलं आणि मैदान घेतलं.
आता तिथं गाड्या लागतात.
एका खांबाला रिंगचे दोन बोल्ट अजून आहेत,
वॉचमन त्यावर डबा अडकवतो.

गेल्या आठवड्यात मुली आल्या. बारा जणी.
शाळेमागं खेळतात.
पाण्याच्या दिवशी निम्म्याच असतात,
पाच दिवसांआड येतं, घागरी कोण भरणार?
देणगीदार नाही म्हणाल्या,
मावशी, नुसतं गावाचं नाव घाला.

उसवलेली अक्षरं मी टाकत नाही.
बिस्किटांचा डबा पालथा केला.
सो कुठंच नव्हता.
शारदातला शा घेतला,
टॉवेलच्या वेची मात्रा काढून त्याच्यावर चढवली.
शो झाला.
मुली हसल्या. शोलापूर?
माझा बाप तसंच म्हणायचा, म्हटलं, होय की ओ.
ल मिलचा, त्याला कान्ना दाचा.
प डेव्हलपर्समधून, सगळ्यांत कोरा.
र मोराचा, थोडा तंबाखूचा वास येईल.
दीर्घ ऊकार कुणाकडंच निघाला नाही.
तो माझ्या पोलक्याच्या बाहीतून कापला.
जांभळा.

पहिलं पाणी थंड घ्या,
वाळवताना सावलीत घाला, सांगून ठेवलंय.
बाकीचे रंग जुने आहेत, त्यांना काही होत नाही.
जांभळा सुटतो.